लाकूड उलटं का मारतं? घरच्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉ शिकताना

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड ढकलून कापायचं मशीन. त्याच्यापाशी उभं राहिलं की नजर जाते ती ब्लेडच्या पुढच्या दातांवर. बोट तिथं जाऊ नये, एवढीच काळजी घ्यायची असं बहुतेकांना वाटतं. पण मशीन लाकूड उलटं मारतं ते मागच्या दातांनी. समोरच्या बाजूला ब्लेड वरून खाली येतं, त्यामुळे तिथले दात लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूला तेच दात खालून वर येतात आणि वरून आपल्याकडे वळतात. कापलेली फट मागं मिटली, किंवा फळी फेन्सपासून, म्हणजे ब्लेडला समांतर लावलेल्या आधारपट्टीपासून, सुटून जराशी तिरकी झाली, की मागचे दात तिला उचलतात आणि समोरच्या माणसाच्या अंगावर फेकतात. 10 इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. फळी पोटात बसते ती वेगळीच. शिवाय लाकूड अचानक निसटल्यावर त्यावर रेटलेला हात कुठं जाईल, याचा विचार करा.

यालाच किकबॅक म्हणतात. टेबल सॉ सुरक्षितपणे वापरायचा म्हणजे मुख्यतः हा किकबॅक होऊ द्यायचा नाही. आणि त्याची बहुतेक तयारी मशीन बंद असतानाच करायची असते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. गावभागातलं सासऱ्यांचं जुनं घर 2019 च्या महापुरात पाण्यात होतं. पुढं ते उतरवावं लागलं, तेव्हा तुळया, वासे आणि दारांच्या चौकटी असं बरंच जुनं सागवान निघालं. ते विकायला माझं मन होईना. त्यातून घरासाठी कपाटं, मुलांसाठी टेबलं करायची ठरवली. रंधा आणि करवत मला चालवता येत होती, पण एवढ्या लाकडाचे लांब उभे काप हातानं घेणं शक्य नव्हतं. म्हणून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल सॉ आला.

शिकवायला शेजारचे आप्पा मिळाले, हे माझं भाग्य. त्यांचं सगळं आयुष्य फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात गेलं. ओतीव काम ज्यावरून होतं तो नमुनाच चुकला तर सगळाच माल चुकतो, त्यामुळे या माणसांच्या हाताला अचूकपणाची सवय असते. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, आठवडाभर वायर सॉकेटात घालायचीच नाही."

खरोखर तसंच केलं. आधी जागा. कापलेली फळी मागं टेकायला मशीनच्याच उंचीचं दुसरं टेबल लागतं, नाहीतर फळी पलीकडे झुकते आणि माणूस ती धरायला ब्लेडवरून वाकतो. मग ब्लेडची समांतरता. ब्लेडच्या एका दातावर खडूची खूण केली. टेबलावरच्या खाचेपासून त्या दाताचं अंतर पुढच्या बाजूला मोजलं, ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागं नेला आणि पुन्हा मोजलं. दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. दात तोच ठेवायचा, कारण दुसऱ्या दातावर मोजलं तर ब्लेडचा स्वतःचा वाकही मापात मिसळतो. त्यानंतर फेन्सही त्याच खाचेला समांतर केली. आप्पांनी इथं फार जोर दिला: फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे केसभरही कलायला नको. कललं तर फळी पुढं जाईल तशी चिमटत जाते, आणि फेकली जाते.

आणि रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या लगेच मागं उभं असलेलं आणि ब्लेडबरोबरच वरखाली होणारं हे पोलादी पातं. ते कापलेल्या फटीत शिरून तिला मिटू देत नाही, आणि फळीला मागच्या दातांपर्यंत पोचू देत नाही. मशीनमधला एकच भाग निवडा म्हटलं तर मी हाच निवडेन. पण तो ब्लेडला जुळायला हवा. ब्लेडच्या चकतीपेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा पातळ. माझ्या मशीनचा नाइफ 2.3 मिलिमीटरचा आहे, म्हणून ब्लेड घेताना मी दुकानात व्हर्निअर घेऊन जाते. चकती 1.8 आणि दात 2.6 असलेलं ब्लेड चालतं. दातच 2.2 चे असतील तर फळी नाइफवर अडकते, आणि मग लोक नाइफ काढून ठेवतात. तो एकदा कोपऱ्यात पडला की परत कोण बसवतं? अर्धवट खोलीची खाच मारतानाही तो काढावा लागत नाही, कारण त्याचं टोक ब्लेडच्या टोकापेक्षा किंचित खाली असतं. वरचं पारदर्शक गार्ड तेवढं काढावं लागतं, आणि खाच झाली की ते लगेच परत बसवायचं.

विजेचं काम मी वायरमनकडून स्वतंत्र करून घेतलं. 1800 वॅटची मोटर साधारण 8 अँपिअर घेते, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. त्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. बारीक वायरचं एक्स्टेंशन लावलं तर विजेचा दाब कमी होतो, मोटर कापता कापता दमते, आणि दमलेल्या ब्लेडमध्ये लाकूड अडकतं.

पण आपल्या भागात स्विचचा मुद्दा याहून मोठा आहे. लाइट जाते आणि कधीही येते. शेतीपंपाच्या स्टार्टरला आपण मुद्दाम ऑटो बसवतो, म्हणजे रात्री लाइट आली की मोटर आपोआप चालू होते आणि विहिरीवर जावं लागत नाही. टेबल सॉला याच्या नेमकं उलटं हवं. लाइट गेली, आपण अडकलेली फळी सोडवायला ब्लेडपाशी हात घातला आणि तेवढ्यात लाइट आली तर? म्हणून नो-व्होल्ट स्विच लागतो. लाइट गेली की तो आपोआप सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. साध्या टॉगल स्विचवरचं मशीन घेतलं असेल तर हा बदल पहिल्या दिवशी करून घ्या. माझं लाल बटण मोठं आहे आणि गुडघ्यानं दाबता येईल अशा उंचीवर आहे, कारण गरज पडते तेव्हा दोन्ही हात लाकडावर असतात. ब्लेड बदलायचं किंवा काही जुळवायचं असेल तर मात्र स्विचवर भागत नाही, प्लगच काढायचा. काढलेला प्लग मी टेबलावर डोळ्यांसमोर ठेवते.

कपड्यांचं बायकांसाठी जरा जास्त सांगावं लागतं. ओढणी नाही, सैल बाही नाही, केस घट्ट बांधलेले, बांगड्या आणि अंगठी काढलेली. मंगळसूत्रही काढते. सासूबाईंनी त्यासाठी देवघरात एक वाटी ठेवली आहे, शेडकडे निघाले की त्याच आठवण करतात. हातमोजे घालायचे नाहीत. हात निसटला तर बोट कापलं जाईल, पण मोज्याचं कापड दातात सापडलं तर अख्खा हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, नाकाला एन 95 मास्क. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. साधा सुती रुमाल बांधून ती बारीक धूळ अडत नाही.

मग पहिले काप, प्लायच्या तुकड्यांवर. प्लायला आतला ताण कमी, त्यामुळे शिकायला बरं. ब्लेड लाकडाच्या वर पाच-सहा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे, म्हणजे काही उडालंच तर बाजूनं जाईल. फळीला तीन दिशांनी दाब द्यावा लागतो: खाली टेबलावर, बाजूला फेन्सवर आणि पुढं. यातला बाजूचा दाब फक्त ब्लेडच्या आधी द्यायचा. कापून झालेल्या भागावर बाजूनं दाबलं तर फट आपणच मिटवतो. ब्लेड आणि फेन्स यांच्यामधला तुकडा ब्लेडच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलायचा, मध्येच सोडायचा नाही. हात आणि ब्लेड यांत वीतभर अंतर राहत नसेल तिथं पुश स्टिक किंवा पुश ब्लॉक, म्हणजे फळी ढकलायची काठी किंवा ठोकळा. हे दोन्ही मी स्वतः प्लायचे केले आणि फेन्सलाच अडकवून ठेवले आहेत. ते शोधायला लागले की वापरले जात नाहीत.

मुलगा मदतीला येतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मदतनीस पलीकडे उभा राहून लाकूड ओढतो, ते आप्पांना अजिबात चालत नाही. त्यानं फक्त पेलायचं. ओढणाऱ्याला ब्लेड दिसत नाही आणि ढकलणाऱ्याला ओढ कळत नाही. दोघांच्या मध्ये फळी तिरकी होते.

आडव्या कापाला फेन्स वापरायचीच नाही. आखूड तुकडा फेन्स आणि ब्लेड यांच्यात सापडला की फिरतो आणि उडतो. त्यासाठी मी क्रॉसकट स्लेड केली: टेबलावरच्या दोन खाचांतून सरकणारी प्लायची ट्रे, पुढंमागं काटकोनात आडव्या भिंती. लाकूड भिंतीला टेकवून अख्खी ट्रे ढकलायची. गुण्या लावून ती काटकोनात आणायला बराच वेळ गेला, पण आता माझं निम्मं काम तिच्यावर होतं. बारीक तुकडे ब्लेडपाशी पडून राहतात, ते मशीन पूर्ण थांबल्याशिवाय उचलायचे नाहीत.

सागवानाला हात लावला तो यानंतर. जुन्या लाकडात खिळे असतात, आणि डोकं तुटलेला खिळा वरून दिसत नाही. मी प्रत्येक तुकड्यावरून आधी छोटा मेटल डिटेक्टर फिरवते. पुराचा गाळ सांध्यांत आणि भेगांत वाळून घट्ट बसला होता. ती बारीक रेती कार्बाइडचे दातही बोथट करते, आणि बोथट ब्लेडला जास्त रेटावं लागतं, म्हणजे पुन्हा धोका. म्हणून तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन, सावलीत वाळवून मगच कापायला घेतलं. उभ्या कापाला 24 दातांचं ब्लेड, प्लायला 60 दातांचं. कमी दातांमध्ये भुसा बाहेर पडायला जागा असते. जास्त दातांचं ब्लेड उभ्या कापात तापतं आणि लाकूड काळं पडतं.

एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे साइटवर प्लायच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बांधून त्यावर लाकूड कापतात. हे कटर दगडासाठी केलेले, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारे. रायव्हिंग नाइफ नाही, गार्ड काढलेलं, स्विच चालूच्या जागी अडकवलेला. त्यावर रोजंदारी करणारी मुलं किती कुशल आहेत ते मी पाहिलं आहे, आणि म्हणूनच त्यांच्या हातांची मला काळजी वाटते. घरी छंद म्हणून काम करणाऱ्यांवर तर रोजीची सक्ती नाही. त्यांनी हा जुगाड करूच नये. पैसे कमी असतील तर साधी, हातात धरून चालवायची सर्क्युलर सॉ आणि तिला सरळ चालवायला पट्टी घ्यावी, लाकूड टेबलावर घट्ट बांधावं आणि सॉ वरून चालवावी.

कातडीचा स्पर्श ओळखून ब्लेड थांबवणारी मशीनही आहेत. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी 1999 मध्ये ही कल्पना मांडली, तीच पुढं सॉस्टॉप या नावाच्या मशीनमध्ये आली. ब्लेडमधला सूक्ष्म विद्युत संकेत बदलला की ॲल्युमिनिअमचा ठोकळा दातांत घुसतो आणि सुमारे 5 मिलिसेकंदांत ब्लेड थांबतं. माझ्या मशीनला ती सोय नाही. ती असली तरी अंगावर येणारी फळी तिच्यानं थांबत नाही, त्यामुळे नाइफ तरीही लागतोच.

काही काप मी या मशीनवर घेतच नाही. गोल ओंडका नाही, कारण तो ब्लेडपाशी लोळतो. वाकलेली किंवा पिळलेली फळी नाही. तिची एक कड आणि एक बाजू आधी रंध्यानं सरळ करते. फेन्स किंवा स्लेडच्या आधाराशिवाय, नुसत्या हातानं कुठलाच काप नाही. आणि जाड तुळया नाहीत, 10 इंची ब्लेड तीन इंचांच्या आसपासच कापतं. त्या मी सॉ मिलमध्ये नेते. तिथल्या बँडसॉचं पातं सरळ खाली जातं, लाकूड टेबलावर दाबलं जातं, मागं फेकलं जात नाही. तुळई चिरली की आतला ताण सुटतो आणि फळ्या वाकायला लागतात, म्हणून घरी आणून त्या मधे पट्ट्या घालून रचते, वर वजन ठेवते, आणि पावसाळ्यात चिरलेल्या फळ्या दिवाळी झाल्याशिवाय मशीनला लावत नाही.