बाबांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि वर्ध्याचं 'वधार्' झालं

आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि तो फक्त बाबा वापरतात. बाबा रिटायर झालेत पण सोसायटीचं सेक्रेटरीपद काही सुटत नाहीये, दुसरं कोणी घ्यायलाच तयार नाही ना, त्यामुळे पाण्याच्या टाकीपासून ते वर्गणी न भरणाऱ्यांपर्यंत सगळ्या नोटिसा ह्याच कॉम्प्युटरवर टाईप होतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे आमचा डबा त्यात बसतच नाही. नागपुरात सीताबर्डीतल्या एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे मॅडम भंगारात टाका, नवीन घ्या. बाबांनी किंमत ऐकली आणि गपचूप घरी आले.

मग मी म्हटलं की आपण लिनक्स टाकून पाहू, विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. बाबांचा पहिला प्रश्न, "फुकट आहे? मग काहून देऊन राहिले ते लोक फुकट?" आता ह्याचं उत्तर जेवताना देणं सोपं नाही. मी रिचर्ड स्टॉलमनपासून सुरू केलं, १९८३ ला त्याने सगळ्यांसाठी मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, मग १९९१ ला फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, लिनक्सचं कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा लिहिला, आणि फुकट म्हणजे पैशाची गोष्ट नाही तर कोड सगळ्यांसाठी मोकळा आहे ही गोष्ट आहे, कोणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, वाटावा. बाबा म्हणाले, "म्हणजे मंडळासारखं." हो बाबा, मंडळासारखं. फक्त इथे कामं होतात.

इन्स्टॉलचं फार सांगण्यासारखं काही नाही. लिनक्सचा मिंट नावाचा प्रकार घेतला, त्यातलं एक्सएफसीई डेस्कटॉपवालं, कारण ते हलकं आहे, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकलं आणि आधी न इन्स्टॉल करताच पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, वायफाय चाललं, आवाज आला, मग जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी २४० जीबीचा एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, लावला. लोक म्हणतात लिनक्समुळे कॉम्प्युटर पळायला लागला, तर खरं सांगू का, आमच्याकडे अर्धं श्रेय एसएसडीचं आहे, आणि बाकी थोडं मी कॅबिनेट उघडून फॅनमधला धुळीचा गालिचा काढला त्याचं. नागपूरचा उन्हाळा आणि कूलरची ओली हवा, त्यात मशीनच्या पोटात जे जमतं ते एकदा बघाच. आणि ४ जीबीत ब्राउझरचे पंधरा टॅब उघडले तर लिनक्स पण रडतंच.

बाबा दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी हाक आली, "अगं इकडे ये, माझ्या फायली सडल्या बघ!"

फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, उघडली होती आणि जिथे मराठी पाहिजे तिथे नुसती इंग्रजी अक्षरं, वाटेल तशी, मधेच कंस, मधेच स्लॅश. बाबांचा चेहरा बघवेना, १७ वर्षांच्या नोटिसा, शिवाय आईच्या भजनी मंडळाची सगळी भजनं. दोष अर्थात लिनक्सचा आणि लिनक्सचा दोष म्हणजे माझा.

पण फायलींना काहीच झालं नव्हतं हो. बाबा कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात आणि कृतिदेवच्या फाइलमध्ये मराठी कधी नसतंच, आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. 'भारत' लिहिलं तर आत एच, के, के, जे, आर एवढंच असतं. फॉन्ट नाही तर कपडे नाहीत. मी जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल कॉपी करून नवीन एसएसडीवर टाकली आणि पाच मिनिटांत सगळं पहिल्यासारखं दिसायला लागलं. विषय इथे संपवता आला असता.

पण मला तेव्हा कळलं की बाबा नोटीस व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकण्यासाठी इतकी वर्षं स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढत होते, ट्यूबलाइटच्या चमकेसकट, कारण कॉपी करून टाकलं की तिकडे पण तोच कचरा जातो. शोधायचं म्हटलं तर 'वर्गणी' शोधून सापडत नाही. म्हणजे दुखणं जुनंच होतं, लिनक्समुळे फक्त दिसलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत, त्यात देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण ते आमच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं.

मग मी कृतिदेवचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायला घेतला, वाटलं एका अक्षराच्या बदली दुसरं ठेवायचं, त्यात काय. पहिल्या नोटिशीत 'मिटिंग' चं 'िमिटंग' झालं, 'वर्गणी' ची 'वगर्णी' आणि वर्धा रोडचा 'वधार् रोड'. कारण कृतिदेव टाइपरायटरच्या चालीने चालतो, डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी टाईप करायचं, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार सगळं झाल्यावर शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, वेलांटी अक्षराच्या नंतर, रफाराचा र् आधी. म्हणजे रफार सापडला की मागे जायचं, काना-मात्रा ओलांडायच्या, जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडायचं आणि मग र् बसवायचा. मला ह्यात दोन रविवार गेले. बाबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "हाव, बरोबरच आहे, टाइपरायटरवर रफार शेवटीच मारायचा असतो." त्यांनी मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची, परीक्षा टाइपरायटरवर दिलेली आहे, मी आधी त्यांनाच विचारायला पाहिजे होतं.

टाइपिंगचा प्रश्न राहिलाच होता. मी त्यांना इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकवायला गेले, सरकारी स्टँडर्ड आहे, आहे पण शहाणी, स्वर डावीकडे व्यंजनं उजवीकडे, पण ह्या वयात त्यांची बोटं ऐकेनात आणि त्यांचा चेहरा पडला. शेवटी आयबसच्या, म्हणजे लिनक्सवर कीबोर्डची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामच्या, लिस्टमध्ये हिंदी रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरसारखा कीबोर्ड, सापडला, तो लावून दिला. काही कळा इकडच्या तिकडे आहेत, त्यांनी एका कागदावर लिहून कीबोर्डच्या वर चिकटवल्यात.

प्रिंटरबद्दल बोलायलाच नको. एका मोठ्या कंपनीचा आहे, लिनक्सचा ड्रायव्हर धड चालत नाही, सध्या पीडीएफ करून खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो, २ रुपये पान.

आता रोज जेवण झालं की पाच-पाच फायली तपासतो, मी कन्व्हर्ट केलेलं वाचते आणि बाबा जुना प्रिंट हातात धरून चुका सांगतात, आई भजनांच्या वेळेला येऊन बसते. काल एका जुन्या नोटिशीत 'सर्व सभासदांनी उपस्थित रहावे' च्या जागी 'उपाशी रहावे' निघालं. बाबा म्हणाले बघ तुझं कन्व्हर्टर. मी मूळ फाइल उघडून पाहिली, त्यात पण उपाशीच होतं. मी काही बोलले नाही, दुरुस्त करून सेव्ह केलं.