मॉरोविंड, दुसरी इनिंग : पझल बॉक्सपर्यंतचा अपडेट

तर मंडळी, मॉरोविंड या व्हिडिओ गेममधला ड्वेमर पझल बॉक्स (ड्वेमर म्हणजे गेममधली नामशेष झालेली जमात) एकदाचा मिळाला आणि तो आणायला सांगणाऱ्या हास्फाटच्या हातात नेऊन टेकवला. ज्यांनी खेळलाय त्यांना कळलंच असेल मी कुठे आहे ते, म्हणजे मेन क्वेस्टच्या, मुख्य कथेच्या, अगदी पहिल्या पायरीवर. पण माझ्यासाठी हे खूप आहे हो, कारण मागच्या वेळी बालमोरा गावाला पोचायच्या आधीच अनइन्स्टॉल केलेला. समोर मडक्रॅब म्हणजे खेकडा, हातात सुरी, सुरी त्याच्या अंगातून आरपार जाताना डोळ्यांना दिसतेय आणि गेम म्हणतो लागलीच नाही. याच मालिकेतला नंतरचा स्कायरिम खेळून आलेला माणूस मी, डोकंच फिरलं होतं.

सेटअप सांगतो. २००२ चा मूळ गेम, सोबत ट्रिब्युनल आणि ब्लडमून या त्याच्या पुरवण्या, आणि चालवतोय ओपनएमडब्ल्यूवर. नवीन लोकांसाठी : हा मॉड (मूळ गेममध्ये चाहत्यांनी केलेला बदल) नाही, अख्खं इंजिनच नव्यानं लिहिलंय, ओपन सोर्स आहे, आपल्याकडच्या विकत घेतलेल्या गेमच्या डेटा फाइल्स त्याला दाखवायच्या की झालं, लिनक्सवर पण मस्त चालतं. ग्राफिक्सचे मॉड एकही टाकला नाही. एकच सेटिंग बदललं, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर गेलं की क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली नेमाची खूण) लाल होतो ते. लांबचं दिसायचं सेटिंग सगळे वाढवायला सांगतात, मी वाढवून बघितलं आणि परत खाली आणलं, कारण धुकं गेलं की कळतं व्हार्डनफेल बेट केवढंसं आहे ते, सगळी मजाच जाते. यावर वाद घालायचा असेल तर घाला, मी ऐकणार नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे फटीग, अंगातला दम. स्क्रीनवरचा तो हिरवा बार. तलवार लागणार की नाही हे गेम आतल्या आत फासे टाकून ठरवतो. हत्याराचं स्किल, अधिक अजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा हिस्सा, अधिक लकचा दहावा, आणि या बेरजेला फटीगनं गुणायचं, बार फुल असेल तर १.२५ नं आणि रिकामा असेल तर ०.७५ नं. माझा गडी रेडगार्ड वंशाचा आहे, लाँग ब्लेड (लांब तलवारीचं स्किल) मेजर म्हणजे मुख्य स्किलमध्ये, कॉम्बॅट स्पेशलायझेशन, म्हणजे सुरुवातीलाच स्किल ५०. अजिलिटी ४०, लक ४०. बेरीज ६२. बार फुल असताना ७७.५ टक्के, रिकामा असताना ४६.५, आणि त्यातून समोरच्याचं चुकवणं वजा होतं ते वेगळंच. आता याच गड्याच्या हातात सुरुवातीच्या सेन्सस ऑफिसच्या टेबलावरची ती फुकटची सुरी द्या, शॉर्ट ब्लेड फक्त १०, आणि त्याला पळवत पळवत मडक्रॅबपर्यंत न्या. साडेसोळा टक्के! सहा वारांत एक लागला तर लागला.

आणि गंमत म्हणजे पळालं की फटीग उतरतो, चाललं की भरतो. आपण सगळे काय करतो, गेम चालू झाला की पळत सुटतो. म्हणजे प्रत्येक मारामारीला दम लागलेल्या अवस्थेत हजर. बोलण्यात समोरच्याला पटवायचं, दुकानात घासाघीस करायची, मंत्र टाकायचा, सगळीकडे हाच बार आडवा येतो. त्यामुळे आता शत्रू दिसला की आधी थांबतो, बार भरू देतो, मग जातो. आल्केमी (औषधं बनवायचं स्किल) मायनर म्हणजे दुय्यम स्किलमध्ये ठेवलीय त्यामुळे पाव आणि सॉल्टराइस खलबत्त्यात कुटून फटीग भरून काढणारी पोशन बनवतो, स्वस्त पडतं आणि उरलेल्या विकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ठिकाणांचे पत्ते. नकाशावर बाण नाही, काही नाही. हास्फाटनं सांगितलं की गावाच्या दक्षिणेनं बाहेर पड, नदी ओलांडून पूर्वेला ये, फोर्ट मूनमॉथ मागे टाक, मग लाव्हाच्या दरीवरचा जुना ड्वेमर पूल लागेल, पलीकडे आर्कनथँड, म्हणजे बॉक्स असलेले ड्वेमर अवशेष, आणि दाराजवळच्या पाइपला एक क्रँक आहे ती फिरव. जर्नल उघडायचं, एक वाक्य वाचायचं, तेवढं चालायचं, परत उघडायचं. किल्ला डाव्या हाताला की उजव्या यावर मी रस्त्यात उभं राहून विचार करत होतो, कुठल्या गेमनं शेवटचं असं करायला लावलं होतं आठवत नाही. पूल दिसला तेव्हा जो आनंद झाला तो बॉक्स मिळाल्यावरही झाला नाही. क्रँक फिरवली, गोल दार सरकलं, आत चोरांची टोळी. बॉक्स आत एका शेल्फवर नुसता पडलेला, जेमतेम मुठीएवढा, खाली बघत गेलात तर चुकणारच.

सगळं छान आहे असं नाही हं. नेम लागायला लागला तरी मारामारी कंटाळवाणीच आहे, दोन जण समोरासमोर उभे राहून बडवत बसतात. क्लिफ रेसरबद्दल, म्हणजे सारख्या अंगावर येणाऱ्या त्या उडत्या प्राण्यांबद्दल, मी बोलतच नाही, तुम्हाला माहितेय. गावातले लोक जागेवरून हलत नाहीत आणि दहा जणांना एकच प्रश्न विचारला तर दहाही जण तोच पॅराग्राफ ऐकवतात.

लेव्हलिंगचं : दर लेव्हलला जास्तीत जास्त गुण मिळावेत म्हणून गुणाकार जुळवत बसणारी वही मी काही करणार नाही. फक्त एन्ड्युरन्स (चिवटपणा) आधी वाढवतोय, कारण दर लेव्हलला हेल्थ एन्ड्युरन्सच्या १० टक्के वाढते आणि मागची भरपाई मिळत नाही, उशिरा वाढवली तर गेलेली हेल्थ गेली.

पुढचं काम शार्न या मांत्रिकिणीचं, आंद्रानोच्या थडग्यातून कवटी आणायची. तिथे भुतं असणार, त्यांना साधं लोखंड लागत नाही, चांदीचं नाहीतर मंतरलेलं हत्यार पाहिजे. सध्या पोशन विकून पैसे जमवतोय. मधल्या काळात योद्ध्यांच्या रेडोरान घराण्यात भरती व्हावं का व्यापाऱ्यांच्या ह्लालू घराण्यात ते सांगा, गडी तलवारवाला आहे पण रेडोरानच्या आल्डरून गावात राख फार उडते राव.