एकोणतिसाव्या रोज्याची खारीक

शीरखुर्मा हा सोपा पदार्थ आहे, असे मी आजवर अनेकांना सांगितले आहे आणि ते खोटे नाही. दूध थोडे आटवायचे, शेवया तुपावर परतायच्या, सुकामेवा घालायचा, शेवटी साखर. शेगडीपाशी उभे राहण्याचा वेळ मोजला तर तो पुरणपोळीच्या वेळाच्या निम्माही भरणार नाही. मात्र हा सगळा सोपेपणा ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती स्वयंपाकघरात नसते, आकाशात असते. खारीक ही फार हट्टी वस्तू आहे. ती निदान एक रात्र भिजल्याशिवाय दुधात मऊ होत नाही, आणि भिजवण्याची ती रात्र कोणती, हे चांद दिसेपर्यंत ठरत नाही. रमजानचा महिना कधी एकोणतीस दिवसांचा असतो, कधी तीस. त्यामुळे एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी आमच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: उद्या ईद आहे का, आणि खारका भिजत घालायच्या का?

मी पुण्यात राहते आणि अम्मी मिरजेत. त्या संध्याकाळी इफ्तार उरकून मगरिबची नमाज होते न होते तोच तिचा फोन येतो. गावातल्या कोणाला चांद दिसला, कोणत्या शहरातून काय बातमी आली, कोणी उगीचच अफवा उठवली, हे सगळे ती सांगतेच. पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "खारकां भिगाए क्या?" आमच्या घरी मराठी आणि दखनी या दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या जातात, तरी हा प्रश्न मात्र कधीही मराठीत विचारला गेलेला नाही.

घाई असते ती एवढ्याचसाठी की शीरखुर्मा दुपारच्या जेवणाचा पदार्थ नाही. रमजान ईदच्या सकाळी ईदगाहला जाण्यापूर्वी विषम संख्येने खजूर खाण्याचा प्रघात पैगंबरांपासून चालत आला आहे. महिनाभर ज्या वेळी तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो त्याच वेळी त्या दिवशी काही गोड खाऊन निघायचे. बकरी ईदला याच्या उलट, आधी नमाज आणि मग खाणे. आमच्याकडे खजुराची ती जागा खारकेने आणि तिच्यासकट वाटीभर शीरखुर्म्याने घेतली आहे, आणि म्हणून सकाळी सातच्या आत पातेले तयार असावे लागते. एवढ्या पहाटे कडक खारकेशी झटापट करण्याचा धीर कोणात असणार?

नावातच खारीक आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. त्यातला शीर हा संस्कृतातल्या क्षीराचा सख्खा भाऊ, आणि आपली मराठी खीर त्या क्षीराचीच लेक. म्हणजे शीरखुर्म्याला कोणी 'शेवयांची खीर' म्हटले तर मी पूर्वी जो नाकाचा शेंडा लाल करून घेत असे तो अगदीच अनाठायी होता. फरक इतकाच की खिरीत शेवई मालकीण असते आणि शीरखुर्म्यात पाहुणी. पाहुणीने पाहुणीसारखेच राहावे. एक लिटर दुधाला मूठभर, फार तर चाळीस-पन्नास ग्रॅम शेवया पुरतात. त्याहून जास्त घातल्या की त्या दुपारपर्यंत सगळे दूध पिऊन टाकतात आणि संध्याकाळच्या पाहुण्यांना वाटीऐवजी वडी द्यावी लागते.

सामान आणायला मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाते. तिथे रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शीरखुर्म्याची तयार पाकिटे टांगलेली असतात, पण त्यांत काजूचे तुकडे फार आणि चारोळी नावापुरती असते, म्हणून मी सुटे सामान घेते. दुकानदार खारकेची बरणी उघडतो तेव्हा मला गंमत वाटते, कारण त्याच बरणीतली खारीक बदाम, हळकुंड आणि सुपारी यांच्या सोबतीने ओटीत आणि पूजेच्या पुडीत जाते, तीच डिंकाच्या लाडवात कुटली जाते आणि तीच माझ्या पातेल्यात येते. या फळाइतके घरोघरी वावरलेले दुसरे कोणी नसावे. खोबरे मात्र मी किसत नाही. वाटीचे पातळ लांब काप करते, कारण किसाने दूध गढूळ दिसते.

बेदाणे मिरजेहून येतात. तासगाव आमच्यापासून फार लांब नाही, आणि बेदाण्याच्या सौद्यांसाठी ते नाव सगळीकडे ठाऊक आहे. अलीकडे ईद मार्च-एप्रिलात येत असल्यामुळे नवा माल नुकताच शेडमधून उतरलेला असतो आणि अम्मी कोणाच्या तरी हाती किलोभर पाठवून देते. तो हिरवट, लांबट बेदाणा दिसायला फार सुंदर असतो, पण त्यात आंबटपणा असतो आणि उकळत्या दुधात तो तसाच टाकला तर दूध फाटण्याची भीती असते. माझे एका वर्षीचे दीड लिटर दूध असेच फाटले आहे. ते मी पनीर म्हणून खपवले, ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून बेदाणे तुपात फुगेपर्यंत परतते आणि दूध खाली उतरवून जरा निवाल्यावर घालते.

चारोळीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या रानात चाराचे झाड असते, त्याच्या काळ्या फळातली बी फोडून हा इवलासा दाणा काढतात, आणि तो काढण्याचे कष्ट पाहता तिचा भाव ऐकून कुरकुर करू नये असे मला वाटते. मी कुरकुर करतेच. चारोळी गरम पाण्यात दोन-तीन तास भिजवून फडक्यावर चोळली की साल सुटते, निदान सुटावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात निम्मे दाणे सोलून घेतात आणि उरलेले निम्मे एकेक करून हाताने सोलावे लागतात. चांदरातीला बाकीचे जग मेंदी काढून घेत असते, बांगड्या घेत असते, आणि मी टेबलाशी बसून चारोळ्या सोलत असते. मराठीत चार ओळींच्या कवितेलाही चारोळी म्हणतात. ती इतक्या सहज होते आणि ही होत नाही, याचे मला दर वर्षी वैषम्य वाटते. साल तशीच ठेवली तर काय बिघडते, असे माझी मुलगी विचारते. चवीत फारसे बिघडत नाही, पण पांढऱ्या दुधात तपकिरी ठिपके दिसले की माझ्या नणंदेची नजर तिथेच जाते.

शेवया आता विकतच्या. माझ्या लहानपणी, म्हणजे 1992 च्या सुमारास, ईद आजच्यासारखीच एप्रिलच्या तोंडावर येत असे. हिजरी वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरून तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येते. त्या उन्हाळ्यांत मिरजेच्या गल्लीत वाळवणे सुरू झालेली असत आणि खाटेच्या कडेला बसवलेल्या यंत्राचा दांडा फिरवायला आम्हा मुलांना बसवले जाई. त्या शेवया जाडसर असत आणि जरा जास्त शिजवाव्या लागत. बारीक, आधीच भाजलेली शेवई अधिक चांगली लागते, हे मी अम्मीसमोर कधीही बोललेले नाही. भाजलेली आणली तरी तुपावर एकदा परतून घ्यावी, म्हणजे ती दुधात लगदा होत नाही. साखर सगळ्यात शेवटी, खारीक मऊ झाल्याची खात्री झाल्यावर. आधी घातली तर खारीक तिथेच अडून बसते.

दिवसभर येणाऱ्या पाहुण्यांसाठी आणखी एखादे गोड लागते, आणि माझे मत विचाराल तर ते फिरनी असावे. लिटरभर दुधाला चार चमचे तांदूळ अर्धा तास भिजवून रव्यासारखे वाटायचे आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचे, बस. ती आदल्या रात्रीच लावून ठेवता येते आणि थंडच खायची असल्यामुळे सकाळच्या धांदलीत तिचा त्रास नसतो. मातीच्या वाट्या मात्र आधी पाण्यात बुडवून ठेवाव्यात, नाहीतर त्या फिरनीतले सगळे दूध ओढून घेतात. शाही तुकडा मी सोडून दिला आहे. तुपात तळलेला पाव पहिल्या पाहुण्यापुरता कुरकुरीत राहतो आणि चौथ्या पाहुण्यापर्यंत त्याची ओली लादी होते. मुलांना कस्टर्ड हवे असते. त्याची पूड 1837 साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रजाने अंडे न चालणाऱ्या बायकोसाठी शोधली होती, आणि फळे चिरायला घरात कोणी मोकळे असेल तर माझीही त्याला हरकत नसते.

आता 2024 ची गोष्ट. त्या वर्षी एकोणतिसावा रोजा 9 एप्रिलला, नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी आला. यात योगायोग वाटतो तितका नाही, कारण पाडवाही अमावास्येच्या हिशोबानेच येतो आणि ईदही. पंचांगात अधिक महिना घालून चांद्रवर्षाला ऋतूंशी जुळवून घेतात आणि हिजरी वर्षात तसे करत नाहीत, म्हणून हे दोन सण दोन-तीन वर्षे शेजारी राहून मग पुन्हा दुरावतात. आदल्याच वर्षी अधिक श्रावण झाला होता; त्याच्या आधीची, 2023 ची ईद अक्षय्य तृतीयेच्या दिवशी होती. तर त्या पाडव्याला शेजारच्या काकूंकडून सकाळी श्रीखंडाचा डबा आला, तो इफ्तारसाठी बाजूला ठेवला, आणि संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत उभे राहिलो. अमावास्या आदल्या रात्री बाराच्या जरा आधी संपलेली, म्हणजे चंद्र जेमतेम एकोणीस तासांचा. काकूही वर आल्या होत्या. त्यांच्या गुढीवरचा तांब्या नुकताच उतरला होता आणि आमचा चांद काही चढेना. चांद दिसला नाही. ईद गुरुवारी, 11 तारखेला ठरली.

खारका मात्र मी दुपारीच भिजत घालून बसले होते.

आता त्या पाण्यातून काढाव्यात तर ओल्या, ठेवाव्यात तर आंबतील, या विचारात मी त्यांच्या बिया काढल्या, उभे काप केले आणि थोड्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवून दिले. तिसाव्या रोज्याची रात्र त्यांनी तिथेच काढली. ईदच्या पहाटे ते काप दुधात पडले तेव्हा दहा मिनिटांत असे मऊ झाले की त्यांच्या कडा विरघळून दुधाला आपोआप बदामी रंग आला आणि साखर नेहमीच्या निम्मीच पुरली. नणंदेने दुसरी वाटी मागितली. काकूंचा डबा मी काठोकाठ भरून परत दिला, तर त्यांनी दुपारी तोच घेऊन पुन्हा दार वाजवले.

पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, एकोणतिसावा रोजा पुन्हा पाडव्यालाच, 30 मार्चला आला, आणि या खेपेला चंद्र सव्वीस तासांचा असल्यामुळे चांद दिसला. अम्मीचा फोन आला. चांदमुबारक झाले, आणि मग तोच प्रश्न. चांद दिसण्यापूर्वी ईदची तयारी मांडणे तिला पसंत नाही. तो दिसेल की नाही हे आपण कोण ठरवणार, असे तिचे म्हणणे, आणि त्यावर वाद घालता येत नाही. माझ्या फ्रिजमध्ये आदल्या रात्रीपासून भिजलेल्या खारकेचे काप दुधात बसलेले होते. मी म्हणाले, "हो अम्मी, आत्ताच घातल्या." इफ्तार होऊन वीस मिनिटे झालेली होती, त्यामुळे रोज्यात खोटे बोलल्याचा दोष तरी लागला नसावा.