साथ आणि किमो: थांबायचं कुठे, धावायचं कुठे

साथ आली की पहिला प्रश्न हाच असतो: किमो किंवा ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का? त्याचं उत्तर गाठ कुठली आहे यावर ठरतं. स्तनाची गाठ लहान आणि हार्मोनला दाद देणारी असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळीवर ऑपरेशन काही आठवडे लांबवता येतं. रक्ताचा तीव्र कॅन्सर मात्र थांबत नाही.

शेक, म्हणजे रेडिएशन, मधेच तोडणं सगळ्यात वाईट. माव्या-गुटख्यापायी आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर. त्यात खंड पडला की उरलेल्या पेशी दुप्पट जोमाने वाढतात. गर्भाशयमुखाचे शेक, आतून देतात ते धरून, 8 आठवड्यांत संपले पाहिजेत. 2020 च्या टाळेबंदीत एसटी बंद होती. असं परत झालं तर अक्कलकोट-मंगळवेढ्याहून रोज येण्याच्या भानगडीत न पडता शेक संपेपर्यंत सोलापुरात किंवा बार्शीत, जिथे उपचार चालू असतील तिथे, खोली घेतलेली बरी. स्तनाच्या काही पेशंटना मात्र 15 शेकांत 40 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) देण्याऐवजी 5 शेकांत 26 ग्रे पुरतात. त्याचे पाच वर्षांचे निकाल नेमके एप्रिल 2020 मध्ये छापून आले. आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आता ताप. किमोनंतर साधारण 7 व्या ते 14 व्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात. या दिवसांत एकदा जरी 101 फॅरेनहाइट आला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर लगेच दवाखाना. आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप झाकला जातो. गरम चहानंतर 20 मिनिटं थांबून मोजा.

साथीत घोळ होतो तो दारातच: ताप म्हटलं की स्वॅबच्या रांगेत उभं करतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली असतील तर अँटिबायोटिकची सलाईन तासाभरात लागायला हवी, स्वॅबचा रिपोर्ट मागाहून येऊ दे. म्हणून केसपेपरवर वरच लाल शाईने लिहा: "किमो चालू, शेवटचा डोस अमुक तारखेला."

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, तालुक्याच्या लॅबमध्ये करून व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालते. पण नुसता एकूण आकडा पाहू नका. पांढऱ्या पेशी 2200 दिसल्या की घरचे निश्चिंत होतात. त्यात न्यूट्रोफिल 20 टक्केच असतील तर हिशेब 440 वर येतो.

पांढऱ्या पेशी वाढवायचं फिलग्रास्टिम इंजेक्शन घरी घ्यायचं ठरलं तर ते किमोनंतर 24 तास उलटल्यावरच. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात मेडिकलपासून घरापर्यंतचा रस्ताही त्याला फार होतो. थर्मासमध्ये बर्फ टाका, पण सिरिंज रुमालात गुंडाळून वर ठेवा. बर्फाला चिकटून ते गोठलं तर वापरू नका. फ्रिजच्या दारातही ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा.