चपलांच्या कपाटातला राऊटर

आमच्या घरात फायबरची वायर दाराच्या वरच्या कोपऱ्यातून येते आणि थेट चपलांच्या कपाटात उतरते. बिल्डरने सोय केली ती तिथे. वरच्या फळीवर ओएनटी, म्हणजे फायबरमधलं नेट साध्या वायरवर आणणारा डबा, शेजारी राऊटर, खाली सगळ्यांच्या चपला. उन्हाळ्यात राऊटर तापून अडकायचा आणि मीटिंगमधून उठून कपाट उघडून बटण बंद-चालू करायचं काम माझ्याकडे असायचं.

नवा राऊटर आणला असता तर विषय तिथेच मिटला असता. नवरा हेच म्हणत होता, आणि त्याचं चूक नव्हतं. पण मला घरात एक छोटा सर्व्हर हवाच होता. जाहिराती गाळायला अ‍ॅडगार्ड होम चालवायचं होतं, फोटो घरच्या घरी ठेवायचे होते. मग दोन डबे कशाला, एकाच मिनी पीसीत सगळं बसवू, असं डोक्यात आलं आणि ते काही जाईना. शेवटी इंटेल एन१०० वाला पंखा नसलेला डबा घेतला. चार कोअर, १६ जीबी रॅम, मागे २.५ गिगाबिटचे चार पोर्ट.

त्यावर प्रॉक्समॉक्स टाकलं. हे मुळात डेबियन लिनक्सच, त्याच्या पोटात केव्हीएम, म्हणजे एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवायची सोय. त्यातल्या एका व्हीएममध्ये, म्हणजे अशा आतल्या मशीनमध्ये, राऊटरचं काम करणारं सॉफ्टवेअर ओपीएनसेन्स. २०१५ साली पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं, फ्रीबीएसडीवर चालणारं. बेत असा होता की बाहेरच्या वायरचा पोर्ट थेट त्या व्हीएमच्या ताब्यात द्यायचा, म्हणजे पासथ्रू करायचा, आणि घराच्या बाजूचा पोर्ट प्रॉक्समॉक्सच्या ब्रिजमधून, म्हणजे सगळ्या आतल्या मशीनना जोडणाऱ्या आभासी स्विचमधून, न्यायचा. बाहेरचं जग प्रॉक्समॉक्सला दिसायलाच नको, एवढाच त्यामागचा विचार. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या तळाच्या सेटिंगमध्ये, पासथ्रूला लागणारं व्हीटी-डी चालू केलं की पुढचं काम माउसने होतं.

माउसनेच घात केला. यादीत चार पोर्ट दिसत होते, चारही एकाच नावाचे, फक्त क्रमांक वेगळे. डब्यावर शेवटचा छापलेला पोर्ट यादीतही शेवटचाच असणार, असं मी धरून चालले. डब्यावरचा क्रम नेमका उलटा होता. व्हीएम चालू केली आणि ब्राउझरमधलं प्रॉक्समॉक्सचं पान जागच्या जागी गोठलं, कारण मी ज्या पोर्टवरून त्याच्याशी बोलत होते तोच पोर्ट व्हीएमला देऊन बसले होते. मशीन बंद करून चालू केलं. पान आलं, मी लॉगिन करेपर्यंत पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला: ‘बूट होताच चालू’ ही खूण मीच करून ठेवली होती. दर वेळी मशीन उठायचं, मागोमाग व्हीएम उठायची आणि पोर्ट काखोटीला मारून निघून जायची.

आता मॉनिटर लागणार. घरात सगळे लॅपटॉप. एचडीएमआय असलेला एकच मोठा पडदा, तो हॉलमधला टीव्ही, आणि त्यावर सासूबाईंची मालिका.

‘‘आई, दहा मिनिटं देता का टीव्ही?’’

‘‘घे, पण जाहिरात संपायच्या आत दे.’’

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली तशा त्या चष्मा लावून वाचायला लागल्या. मी व्हीएम थांबवली, आपोआप चालू व्हायची खूण काढली, पासथ्रूची ओळ खोडली. पाऊण तास गेला. ‘‘तुझ्या मालिकेत काही घडतच नाही गं,’’ असा शेरा मिळाला.

मग शहाणपणाने एकेक वायर काढून प्रॉक्समॉक्सला कुठला पोर्ट मेला ते पाहिलं आणि पोर्टांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल बाहेरचा, गुलाबी घरातला. चौथ्याला काहीच नाही. तो मी प्रॉक्समॉक्सशी बोलण्यासाठी वेगळा राखला. त्याला लॅपटॉप जोडून पत्ता हाताने भरला की राऊटर मेलेला असला तरी आत शिरता येतं. हा मार्ग नसेल तर मोठी गंमत होते: राऊटर दुरुस्त करायला नेटवर्क हवं आणि नेटवर्क मिळायला राऊटर हवा.

रविवारी सकाळी वायर हलवली. ओएनटी आधीपासून ‘ब्रिज मोड’मध्ये, म्हणजे नेट नुसतं पुढे सोडत होता, पीपीपीओईचं (नेटवाल्याकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड माझ्याकडे होतं, तरी जोडणी होईना. आमच्या नेटवाल्याने जुन्या राऊटरचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क पोर्टचा ओळखक्रमांक, त्याच्याकडे बांधून ठेवला होता. रविवारी त्याने फोन उचलला नाही. जुन्या राऊटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावरून मॅक टिपला, ओपीएनसेन्सच्या बाहेरच्या इंटरफेसला तोच दिला आणि क्षणात नेट आलं. ही चाल पुढे फार उपयोगी पडली, ते येतंच. बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट: एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटलेला, बाहेरून थेट आमच्यापर्यंत येता येत नाही. बाहेरून घरात पोर्ट उघडायचा नाद तिथेच सोडला. वायफायसाठी छतावर लावायची वेगळी थाळी, अ‍ॅक्सेस पॉइंट, घेतली, कारण मिनी पीसीच्या वायफायवर अख्खं घर चालवायची माझी हिंमत नव्हती.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मात्र एका चौकटीतल्या खुणेने. वेग वाढेल म्हणून मी ओपीएनसेन्समध्ये ‘हार्डवेअर चेकसम बंद ठेवा’ ही आधीपासून असलेली खूण काढली होती. लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही सगळं झकास. फक्त त्याच डब्यात, घरच्या ब्रिजवर बसवलेल्या अ‍ॅडगार्डच्या कंटेनरला (व्हीएमपेक्षा हलक्या, वेगळ्या कप्प्याला) बाहेरचं काही मिळेना. पिंग जायचं, म्हणून वायर, पत्ता, गेटवे सगळं बरोबर वाटायचं. अपडेट मात्र लटकून राहायचं. दोन रात्री मी फायरवॉलच्या नियमांना शिव्या देत होते. नियमांचा काही दोष नव्हता. नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर तपासणीची एक बेरीज, म्हणजेच चेकसम, लिहायची असते आणि ते काम शेवटी नेटवर्क कार्ड करेल असं कंटेनर धरून चालतो. पण त्याचं पाकीट ब्रिजवरून आतल्या आत व्हीएमकडे जातं, वाटेत कार्ड येतच नाही. बेरीज अर्धवट, व्हीएम ती तशीच पुढे ढकलणार, पलीकडचा पाकीट टाकून देणार. लॅपटॉपचं पाकीट खऱ्या वायरवरून येतं, म्हणून त्याची बेरीज आधीच पुरी असते. खूण परत लावली, राऊटर व्हीएम रीस्टार्ट केली, काम झालं. वेगात फरक शून्य. आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, त्याला हा डबा एरवीही घाम न गाळता पुरतो.

व्हीएमचा मला खरा फायदा दिसला तो अपडेटच्या वेळी. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती जानेवारी आणि जुलैत येते. आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, काढायचा, बिघडलं तर मागे जायचं. पासथ्रू असल्यामुळे चालू मशीनची रॅम स्नॅपशॉटमध्ये घेता येत नाही, फक्त डिस्क. राऊटरला तेवढं पुरतं.

पुढचा दणका बसला गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी लाइट जायचा वार, हे विसरायला नको होतं. मी हिंजवडीला ऑफिसात. दुपारी लाइट आली, ओएनटी उठला, मिनी पीसी मात्र मेल्यासारखा पडून. लाइट परतल्यावर आपोआप चालू व्हायचं की नाही हे बायॉस ठरवतं आणि माझ्या डब्यात ‘बंदच राहा’ असं लिहिलेलं होतं. सगळ्या जुन्या राऊटरांना जे न सांगता जमतं ते याला सांगावं लागलं. नवऱ्याने फोनवर विचारलं, ‘‘बटण कुठंय?’’ आणि मला आठवेना. त्याच संध्याकाळी बायॉस बदललं आणि पुढच्या आठवड्यात छोटा यूपीएस आणला.

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. जुना राऊटर फेकला नव्हता. त्यात पीपीपीओई भरून, वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवून खालच्या खणात गुंडाळून ठेवला होता. कागदावर मोठ्या अक्षरात: काळ्या डब्यातली लाल ठिपक्याची वायर काढा, पांढऱ्या राऊटरच्या निळ्या पोर्टला लावा, काळा डबा आणि छतावरची वायफायची थाळी बंद करा, पांढरा चालू करा, पाच मिनिटं थांबा. दोघांचा मॅक एकच, त्यामुळे नेटवाल्याला फरक कळत नाही.

मागच्या महिन्यात घरी आले तर आई मोबाइलवर पंचांग बघत होत्या. ‘‘अगं, आज परत जाहिराती का येतायत?’’ मी कपाट उघडलं. पांढरा राऊटर फळीवर, दिवे हिरवे. लाल ठिपक्याची वायर त्याच्या निळ्या पोर्टात. काळा डबा बंद आणि त्याच्यावर कोणाची तरी चप्पल.

‘‘सकाळी नेट गेलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कागद वाचून लावलं मी. तुला कशाला फोन करायचा?’’