कपॅसिटरमध्ये नेमके काय साठते?

कपॅसिटर, म्हणजे मध्ये फट ठेवून समोरासमोर बसवलेल्या धातूच्या दोन प्लेट्स, विद्युतप्रभार साठवतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि एका अर्थाने ते खरेही आहे. पण चार्ज केलेला कपॅसिटर एक अख्खी वस्तू म्हणून घेतला, तर त्याच्यावरील एकूण प्रभार शून्यच भरतो. एका प्लेटवर जितका धन, तितकाच दुसरीवर ऋण; बॅटरी बाहेरून काही आणून त्यात ओतत नाही, ती फक्त एका प्लेटवरचे इलेक्ट्रॉन काढून तारेच्या वाटेने दुसरीवर नेऊन ठेवते. साठते ती ऊर्जा, आणि तीही प्लेट्समध्ये नव्हे, तर त्यांच्या मधल्या फटीत. हे एकदा उमगले की या प्रकरणातील बहुतेक सूत्रे घोकावी लागत नाहीत.

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या इमारतीतली बारावीची मुले अधूनमधून शंका घेऊन येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे चित्र पक्के बसलेले असते: पाणी म्हणजे प्रभार, पातळी म्हणजे व्होल्टेज आणि टाकीचा घेर म्हणजे धारिता, अर्थात दर व्होल्टला मावणारा प्रभार. प्रभार बरोबर धारिता गुणिले व्होल्टेज हे सूत्र समजण्यापुरती ही उपमा चालते. मात्र टाकीत पाणी चढताना दुसरीकडून तेवढेच पाणी बाहेर जावे लागत नाही. कपॅसिटरमध्ये ते जावेच लागते, आणि नेमकी हीच गोष्ट उपमेमुळे झाकली जाते.

इतिहासातही ती अशीच झाकलेली होती. १७४५ मध्ये जर्मनीत क्लाइस्ट या प्रयोगकर्त्यांनी आणि त्यानंतर काही महिन्यांतच नेदरलँड्समधील लेडन येथे मुशेनब्रुक या प्राध्यापकांनी काचेच्या भांड्यातील द्रवात वीज भरून पाहिली. भांडे हातात धरले असतानाच ती भरत असे आणि दुसऱ्या हाताने आतल्या तारेला स्पर्श केला की जबरदस्त झटका बसे. हातात धरल्याने असा काय फरक पडतो, हे कोणाच्या लक्षात येईना. भांड्याला टेकलेला तळहात हीच दुसरी प्लेट होती आणि तिच्यावरचा प्रभार शरीरातून जमिनीत निघून जात होता. आत जितका प्रभार वाढतो तितकाच बाहेरच्या बाजूने कमी होतो, हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये मांडले. माझ्या मते कपॅसिटर समजून घेण्यातली ती पहिली खरी पायरी होय.

धारिता ठरते ती प्लेट्सचे क्षेत्रफळ, त्यांच्यातील अंतर आणि मधला विसंवाहक पदार्थ यांवरून. एक मिलिमीटर हवेची फट ठेवून एक फॅरड (हे धारितेचे एकक) धारिता हवी असेल, तर सुमारे ११३ चौरस किलोमीटरची प्लेट लागेल. ठाणे स्टेशनपासून कोपरखैरणेपर्यंत सरळ रेषेत जेवढे अंतर आहे, साधारण तेवढी बाजू असलेला चौरस! म्हणून व्यवहारातले कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये, म्हणजे फॅरडच्या दहा लाखाव्या भागात, मोजले जातात. छताच्या पंख्यातला जुना कंडेन्सर (कपॅसिटरचेच बाजारातले नाव) मी एकदा करवतीने कापून पाहिला. वर २.५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट असे छापलेले होते. आतील कडक रेझिन फोडल्यावर घट्ट गुंडाळलेली, चंदेरी, लांबच लांब फिल्म उलगडत गेली. ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि तिच्या पृष्ठभागावर बसवलेला धातूचा अतिशय पातळ थर हीच प्लेट असते. फिल्मची जाडी सहा मायक्रोमीटर धरली, तर एवढ्या धारितेसाठी प्लेटचे क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या आसपास येते, आणि ते सगळे मुठीत मावते. फिल्मवर काही ठिकाणी बारीक पारदर्शक ठिपके होते. तिथे कधीतरी फिल्म छेदली जाऊन ठिणगी पडली होती आणि तिच्या भोवतीचा धातू उडून गेल्याने बिघाड तेवढ्यावरच थांबला होता. मात्र प्रत्येक ठिपक्यागणिक क्षेत्रफळ घटते, म्हणजे धारिता घटते, आणि वर्षानुवर्षांनी पंखा पाच नंबरवरही रेंगाळू लागतो.

आता ऊर्जेकडे येऊ. प्लेट्स रिकाम्या असताना पहिला इलेक्ट्रॉन हलवायला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. शेवटच्याला मात्र पूर्ण व्होल्टेजविरुद्ध ढकलावे लागते. सरासरी व्होल्टेज निम्मे, म्हणून ऊर्जेच्या सूत्रात अर्धा येतो: ऊर्जा बरोबर अर्धा गुणिले प्रभार गुणिले व्होल्टेज. बॅटरीने मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन पूर्ण व्होल्टेजनेच दिलेला असतो. मग उरलेली अर्धी ऊर्जा गेली कुठे? ती तारेच्या रोधात उष्णता होऊन जाते. रोध कमी केला, तर प्रवाह तितकाच वाढतो, चार्जिंग लवकर उरकते आणि तोटा मात्र तेवढाच राहतो, हे गणित मला आजही थोडे उद्धट वाटते. त्यावर उपाय एकच: एकदम पूर्ण व्होल्टेज न लावणे. आधी निम्म्या व्होल्टेजपर्यंत आणि मग पूर्ण, असे दोन टप्प्यांत चार्ज केले, तर तोटा निम्म्यावर येतो. टप्पे वाढवत नेले, तर तो आणखी कमी होतो.

ऊर्जा फटीतच असते याचा पुरावा काय, असे कोणी विचारले, तर मी चार्ज केलेला कपॅसिटर बॅटरीपासून तोडून त्याच्या प्लेट्सचे अंतर दुप्पट करण्याची कल्पना करायला सांगतो. प्रभाराला जायला वाट नाही, म्हणून तो तेवढाच राहतो. धारिता निम्मी होते, व्होल्टेज दुप्पट होते आणि ऊर्जाही दुप्पट होते. ही ऊर्जा दिली आपल्या हाताने, कारण एकमेकींना ओढणाऱ्या प्लेट्स दूर न्यायला बळ लावावे लागले. यात बदलले काय? प्लेट्सवरचा प्रभार तोच, फटीतील विद्युतक्षेत्राची तीव्रताही तीच. वाढले ते फक्त त्या क्षेत्राने व्यापलेले घनफळ, आणि ऊर्जा अगदी त्याच प्रमाणात वाढली.

अर्थात या साठ्याला मर्यादा आहे. साध्या हवेत दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या पुढे ठिणगी पडते, त्यामुळे एक घनमीटर हवेत ४० जूलच्या आसपासच ऊर्जा मावते. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये घरातल्या २३० व्होल्ट विजेच्या ३२५ व्होल्टच्या शिखरावर जेमतेम ०.१३ जूल असते. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये मात्र १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्याच व्होल्टेजवर असेल, तर त्यात सुमारे ५३ जूल असतात. मोबाइलच्या बॅटरीपुढे हा आकडा नगण्य आहे, पण बॅटरी तासन्‌तास जे पुरवून वापरते ते कपॅसिटर क्षणार्धात बाहेर टाकू शकतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक मेन स्विच बंद केल्यावरही काही मिनिटे थांबतो आणि मल्टिमीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करूनच सर्किटला हात लावतो.