निळूभाऊंची नक्कल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे मुख्याध्यापिका बाईंचे पत्र आले, तेव्हा कोणती आठवण निवडावी हा प्रश्न मला पडलाच नाही. 1982 साली, नववीत असताना, स्नेहसंमेलनात मी निळू फुले यांची नक्कल केली होती आणि ती सपशेल चुकली होती. ती का चुकली हे मला ज्या सरांनी दाखवून दिले, ते आज हयात नाहीत. स्मरणिकेत नाव छापलेले त्यांना रुचले नसते, म्हणून ते लिहीत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना ते कळेलच.

वडिलांचे धोतर, आजोबांची टोपी कपाळावर तिरकी आणि थोरल्या बहिणीने काजळाने काढलेल्या मिशा, अशा थाटात मी रंगमंचावर आलो आणि पाच मिनिटे घसा फोडून ओरडलो. गड्याला दम दिला, काठी आपटली, मांडीवर थाप मारून गडगडाटी हसलो. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मराठीच्या सरांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "छान ओरडलास. पण निळूभाऊ ओरडतात का रे?" मी ठामपणे हो म्हणालो. "कुठल्या सिनेमात?" या पुढच्या प्रश्नावर मात्र मला गप्प बसावे लागले. खरे सांगायचे तर जत्रेतल्या तंबूत, पोत्यावर बसून पाहिलेल्या दोन चित्रपटांपलीकडे माझी मजल नव्हती, आणि त्यांतलेही निम्मे संवाद जनरेटरच्या आवाजात बुडालेले होते.

पुढे काही महिन्यांनी मुंबई दूरदर्शनवर 'सामना' लागणार होता. सरांकडे काळा-पांढरा टीव्ही होता. त्यांनी आम्हा सहा-सात जणांना घरी बोलावले, सतरंजीवर बसवले आणि मला एकट्याला काम दिले: निळूभाऊंनी साकारलेले हिंदुराव धोंडे-पाटील जितक्या वेळा आवाज चढवतील तितकी बोटे दुमडायची. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, हे मला फार नंतर समजले. त्या दिवशी मी फक्त बोटांकडे लक्ष ठेवून होतो, आणि बोटे फारशी दुमडावी लागली नाहीत. साखर कारखान्याचा तो सर्वेसर्वा एका दारुड्या, परागंदा मास्तराला आपल्या घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, त्याच्याशी अदबीने बोलतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत राहतो की मारुती कांबळेचे काय झाले. आणि प्रत्येक वेळी हिंदुरावांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहते, फक्त डोळे किंचित बारीक होतात. ते डोळे पाहून मला आमच्या भागातल्या दोन-तीन प्रतिष्ठित माणसांची आठवण झाली. तेही कधी ओरडत नसत. त्यांना ओरडण्याची गरजच पडत नसे.

सरांनी मग मला एक धडा दिला. "चहा घेणार का?" हे वाक्य असे म्हणायचे की समोरच्याला नाही म्हणण्याची भीती वाटली पाहिजे, आणि आवाज मात्र रोजच्यापेक्षा खाली ठेवायचा. पंधरा दिवस मी घरी, गोठ्यात आणि नदीवर हे वाक्य घोकत होतो. आईने शेवटी वैतागून खरोखरच चहा करून दिला.

हे सगळे निळूभाऊंना कोठून साधले, याचा विचार मी पुढे बरीच वर्षे केला. नाट्यशिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेत ते गेले नव्हते. पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत ते माळी म्हणून काम करीत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वगनाट्ये करीत. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले आणि 1968 साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. वगात समोर बसलेला प्रेक्षक चार हातांवर असतो. तो जांभई देतो तेही नटाला दिसते. शब्द कुठे सोडायचा आणि कुठे गिळायचा, याची त्यांची जाण त्या मांडवांत घडली असावी, असे मला वाटते.

येथे एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. मराठी चित्रपटसृष्टीने त्यांना तोच पाटील, तोच सरपंच, तीच टोपी आणि तोच वाडा इतक्या वेळा दिला की सर्वसामान्य प्रेक्षकाला त्यांचे दुसरे रूप ठाऊकच राहिले नाही. 1972 साली रंगभूमीवर आलेला त्यांचा सखाराम बाइंडर ज्यांनी पाहिला, त्यांना ही तक्रार अधिक पटेल. 1979 च्या 'सिंहासन'मध्ये तर ते सत्ताधाऱ्यांच्या बाजूला नाहीतच. पत्रकार दिगू टिपणीस म्हणून ते मंत्रालयाच्या आसपास वावरतात, सगळ्यांचे ऐकतात, सगळे टिपून घेतात आणि अखेरीस त्या ओझ्याखाली दिगूचे डोके फिरते. ज्या नटाने सत्तेचा माज इतक्या बारकाईने उभा केला, त्यानेच त्या माजाकडे हताशपणे पाहणारा माणूसही उभा करावा, हे मला त्यांच्या सबंध कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. हिंदीत 'सारांश'मधला राजकारणी गजानन चित्रे सोडला, तर त्यांच्या तोलाचे फारसे काही त्यांच्या वाट्याला आले नाही.

खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना समोर पाहूनही शिव्याशाप देत, हे सर्वश्रुत आहे. प्रत्यक्षात हा माणूस सेवा दलाचा, समाजवादी विचारांचा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते डॉ. लागूंच्या बरोबरीने उभे राहिले, आणि सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत गावोगाव हिंडले. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या रात्री मी सरांना फोन केला होता. आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून आलो असताना आठवीतल्या एका मुलाने निळूभाऊंची नक्कल केली. मोबाईलवर फिरणारे, वाड्यावर बोलावणारे ते एकच वाक्य त्याने चार वेळा म्हटले, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने, आणि मांडव हसून कोसळला. कार्यक्रमानंतर मी त्याला गाठून विचारले तेव्हा कळले, की त्याने त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. मला राग आला नाही. माझ्या काजळाच्या मिशाच आठवल्या. खुर्च्या उचलण्याचे काम चालू होते. तिथेच त्याला उभे करून मी सरांचा धडा दिला. पहिल्या दोन वेळा तो ओरडलाच. तिसऱ्या वेळी त्याने टोपी सारखी केली, शेजारी उभ्या असलेल्या वर्गमैत्रिणीकडे नुसते पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "चहा घेणार का?"

ती "नको" म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरकली.